प्रशासक असताना गल्लीनं नेमकं काय करायचं? (वॉशिंग्टनच्या बातम्यांवरून डोक्यात आलं)

गल्ली_सातवी (गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्याच एका महापालिकेच्या हद्दीत राहतो, शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण आमच्या गल्लीतले निम्मे लोक इथं आहेत आणि उरलेल्यांना स्क्रीनशॉट जातात.

विषय असा की आमच्याकडं निवडून आलेली बॉडी नाही, सगळा कारभार प्रशासकाकडं. ड्रेनेजसाठी रस्ता खोदला, लाईन टाकली, वर मुरूम पसरला आणि गेले. पावसात त्याचा चिखल. झोन ऑफिसला गेलं की इंजिनिअर साहेब बदलून गेले म्हणतात, नवीन साहेब म्हणतात फाईल बघतो, अ‍ॅपवर तक्रार टाकली की दोन दिवसांनी 'तक्रार निकाली काढण्यात आली' असा मेसेज येतो आणि खड्डा आपला तिथंच. माजी नगरसेवकाला फोन केला तर ते म्हणतात माझ्याकडं काय आहे आता, मी पण तुमच्यासारखाच नागरिक, आणि त्यांचंही खोटं नाही म्हणा.

म्हणून आम्ही गल्लीतल्या लोकांनी एक ग्रुप केला. रिटायर्ड गुरुजी, किराणावाले, दोघी अंगणवाडीच्या ताई, तिकडल्या बाजूचे गॅरेजवाले भाईजान, असे सगळे. आणि आता भांडण लागलंय. एक पार्टी म्हणते परवाच सुप्रीम कोर्टानं निवडणुकीला ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत दिली आहे, चार महिने कळ काढा, नगरसेवक आला की त्याच्या मागं लागू. दुसरी पार्टी म्हणते आत्ताच बसायचं. आणि तिसरा एकजण आहे त्याला स्वतःलाच उभं राहायचंय, तो ग्रुपचा फलक छापायला निघालाय, स्वतःच्या फोटोसकट.

त्यात मी गेला महिनाभर वॉशिंग्टनच्या बातम्या बघत होतो. तिथं ट्रम्पनं शहराचे पोलीसच ताब्यात घेतले, नॅशनल गार्ड म्हणजे तिथले राखीव सैनिक उतरवले. पण तिथं म्हणे वॉर्डापेक्षाही छोट्या लेव्हलला निवडून आलेले लोक असतात आणि त्या काळातही त्यांच्या मीटिंगा चालू होत्या. हे खरं आहे का? आणि आपल्याकडं असं काही कायद्यात आहे का जे वरची बॉडी नसतानाही चालू राहतं? का नुसतं व्हाट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंग टाकत बसायचं?

---

नांदेडकर_परदेशी

मी मूळचा नांदेडचा, सध्या वॉशिंग्टन डीसीतच राहतो, कोलंबिया हाइट्स भागात. खरं आहे तुम्ही ऐकलं ते, पण थोडं नीट सांगतो नाहीतर लोक भलतंच समजतात.

डीसी हे राज्य नाही. सात लाखांच्या आसपास वस्ती, पण संसदेत मत देणारा खासदार नाही, एक प्रतिनिधी असते, ती बोलू शकते, समितीत मत देऊ शकते, पण सभागृहात कायद्यावर मत नाही. १९७३ च्या होम रूल कायद्यानं मेयर आणि कौन्सिल मिळालं, त्यातच कलम ७४० आहे की राष्ट्राध्यक्ष आणीबाणी म्हणून शहराचे पोलीस ३० दिवसांपर्यंत वापरायला घेऊ शकतो. ते या ११ ऑगस्टला पहिल्यांदा वापरलं. मध्येच ट्रम्प सरकारनं केंद्राच्या एका अधिकाऱ्याला 'आपत्कालीन पोलीस आयुक्त' नेमायला काढलं, शहराचा अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे सरकारी वकील कोर्टात गेला, जज बाईंनी सुनावणीत कान उपटल्यावर तो आदेश बदलून घ्यावा लागला, पोलीस चीफ होत्या त्याच राहिल्या. १० सप्टेंबरला ३० दिवस संपले, संसदेनं वाढवले नाहीत. गार्डवाले मात्र अजून फिरायलेत, कुठं स्टेशनवर उभे, कुठं बागेतला कचरा उचलताना.

आता ते छोट्या लेव्हलचं. त्याला एएनसी म्हणतात, अ‍ॅडव्हायझरी नेबरहूड कमिशन. साधारण दोन हजार माणसांमागं एक कमिशनर, असे ३४५, दोन वर्षांची मुदत, पगार शून्य, पक्षाचं चिन्ह नाही. अधिकार म्हणाल तर फार काही नाही. दारूचं लायसन, बांधकाम, रस्ता बंद करायचा, पार्किंग, असल्या गोष्टींची नोटीस आधी त्यांना द्यावी लागते. पण एक कलम जबरदस्त आहे, की त्यांनी लेखी ठराव केला तर खात्याला त्याला 'ग्रेट वेट' द्यावं लागतं, म्हणजे मानलाच पाहिजे असं नाही, पण का मानला नाही हे मुद्द्यावर मुद्दा लेखी सांगावं लागतं. नुसतं 'निकाली काढण्यात आली' चालत नाही.

ऑगस्टमध्ये पोलिसांबद्दल ह्या कमिशनरांच्या हातात काहीच नव्हतं हे आधीच सांगतो. पण मीटिंग बंद नाही पडली. कुठल्या कोपऱ्यावर चेकपोस्ट लागलंय, कोणाला उचललं, वकील कोणाचा लावायचा ही माहिती एका जागी यायला लागली. २५ ऑगस्टला शाळा सुरू झाल्या तेव्हा ज्यांचे आईबाप कागदपत्रांच्या भीतीनं बाहेर पडत नव्हते त्यांची पोरं शेजाऱ्यांनी रांग करून चालत शाळेत नेली. आणि हो, रात्री आठला लोक खिडकीत येऊन भांडी वाजवायचे. मला आपला २०२० चा थाळीनाद आठवला, फक्त तिथं सरकारनं सांगून वाजवलेलं, इथं सरकारला ऐकू जावं म्हणून.

सगळे एकमुखी विरोधात होते असंही नाही हां. गाड्या पळवायचे प्रकार वाढले होते मध्ये, त्यामुळं काही लोकांना गार्ड बघून बरं वाटलं. मेयर बाईंनी पण २ सप्टेंबरला आदेश काढून केंद्राच्या लोकांशी समन्वय चालू ठेवला, त्यावरून इथल्या लोकांनी त्यांना बरंच सुनावलं.

---

खडूस_जालनेकर

कशाची तुलना कशाशी करायले राव. तिथं महिनाभर पोलीस घेतले म्हणून जगभर बोंब, मेयर जागेवर, कौन्सिल जागेवर, कोर्टात जायला शहराचा स्वतःचा वकील जागेवर. आपल्याकडं संभाजीनगरची बॉडी एप्रिल २०२० मध्ये संपली, लातूर, परभणी, नांदेड २०२२ मध्ये, आमच्या जालन्याची तर २०२३ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून एकही नगरसेवक बघितला नाही तिनं. मराठवाड्यातल्या पाचही महापालिका प्रशासकाकडं आणि कोणाच्या चहाच्या टपरीवर पण विषय नाही.

आणि हे केंद्रानं पण नाही केलेलं. ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्ट, ह्याच्यात अडकलं आणि राज्यात आलेल्या प्रत्येक सरकारला अडकलेलं बरंच वाटलं. ज्याचा फायदा होतो तो कशाला घाई करील.

दोन हजाराला एक माणूस म्हणे. संभाजीनगरला २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोक आणि ११५ वॉर्ड, म्हणजे दहा हजाराला एक. आता तर चार-चार जणांचा प्रभाग केलाय. उद्या नळाला पाणी नाही आलं तर चौघं एकमेकांकडं बोट दाखवतील. तुमची 'कळ काढा' पार्टी आहे ना, तिला हे विचारा.

---

गल्ली_सातवी

जालनेकर भाऊ, तुमचं बरोबर आहे पण मग करायचं काय ते पण सांगा ना. बोंब मारायला आम्ही पण तयार आहोत, कुठं मारायची ते कळंना.

---

वकीलताई_खंडपीठ

कायद्याचं मी सांगते. नीट वाचा, लांब आहे.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. त्यातलं कलम २४३-यू म्हणतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. म्हणजे प्रशासक ही तात्पुरती सोय. ती पाच-पाच वर्षं चालते हाच मुळात प्रश्न आहे, पण त्यावर भांडून झालंय, ६ मेला कोर्टानं चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं आणि परवा पुन्हा मुदत वाढवून मिळाली.

प्रशासक बसला की महासभा आणि स्थायी समिती दोन्हींचे अधिकार त्याच्याकडं येतात. आयुक्त म्हणून प्रस्ताव तयार करणारा तोच, प्रशासक म्हणून मंजूर करणारा पण तोच. पूर्वी सभेत निदान विरोधी नगरसेवक उठून विचारायचा, पेपरात यायचं. आता तो प्रश्न विचारणारा माणूसच गायब आहे. तुमच्या ग्रुपला ती एक जागा भरायची आहे, बाकी काही नाही.

क्षेत्रसभा नावाची गोष्ट आपल्या कायद्यात आहे. २००९ ला महापालिका कायद्यात दुरुस्ती झाली, नगरराज म्हणून ओळखतात, केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर विकास योजनेचा पैसा पाहिजे होता म्हणून केली हे उघड आहे. खेड्यात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, मतदारयादीतले सगळे लोक सभासद. पण अध्यक्ष कोण, तर नगरसेवक. नगरसेवक नाही तर सभा बोलावणार कोण? आणि नगरसेवक होते तेव्हा तरी कुठं भरलेली मी माझ्या पूर्ण प्रॅक्टिसमध्ये ऐकली नाही. नांदेडकर म्हणतात त्या कमिशनमध्ये आणि आपल्यात फरक इथं आहे, त्यांचा माणूस मेयरवर अवलंबून नाही, स्वतःचा स्वतः निवडून आलेला.

मग काय उरतं. कागद उरतो. तो कसा वापरायचा ते सांगते.

माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून तुमच्या रस्त्याचं अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, आणि तो प्रशासकीय ठराव मागा ज्यानं ते काम मंजूर झालं. दोष दायित्व कालावधी किती हे वर्क ऑर्डरमध्ये किंवा टेंडरच्या अटीत असतंच. तेवढा काळ दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं व्हायला पाहिजे, हे एकदा हातात आलं की भाषा बदलते ऑफिसची. अर्ज छोटा ठेवा, आपल्या राज्यात दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील. आणि लोकांना माहीत नसतं, त्याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि मटेरियलचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्क पण आहे. मुरूम किती इंच पसरला ते टेपनं मोजायला तुम्ही अर्ज करून जाऊ शकता, अधिकारी समोर उभा पाहिजे.

दुसरं, लोकशाही दिन. महिन्याचा पहिला सोमवार, महापालिकेत आयुक्त स्वतः बसतात. पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात दोन प्रतींत अर्ज द्यावा लागतो. आता ६ ऑक्टोबरचा धरायचा असेल तर अर्ज उद्या शुक्रवारी गेला पाहिजे, शनिवार-रविवार ऑफिस बंद. वैयक्तिक तक्रार लागते, सामूहिक निवेदन घेत नाहीत, म्हणून पाच घरांनी पाच वेगळे अर्ज द्या.

---

खडूस_जालनेकर

ताई अर्ज बिर्ज ठीक आहे. उत्तरात 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' असं येतं हो.

---

वकीलताई_खंडपीठ

येतं. मग त्या कार्यालयानं पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं वर्ग करायला पाहिजे होतं, हे अपिलात लिहायचं. कंटाळा आला पाहिजे हाच त्यांचा प्लॅन असतो.

---

निवृत्त_मास्तर_परभणी

काल १७ सप्टेंबर झाला म्हणून लिहावंसं वाटलं. केंद्रानं येऊन कारभार हातात घेणं ही गोष्ट मराठवाड्याला नवीन नाही, आपण जन्मलोच त्यातून.

१३ सप्टेंबर १९४८ ला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, १९४९ संपेपर्यंत त्यांचा कारभार. मग वेलोडी नावाचे सनदी अधिकारी मुख्यमंत्री. निवडून आलेलं सरकार मार्च १९५२ ला आलं, बुर्गुल रामकृष्णराव यांचं. रझाकारांचा जाच संपला हे खरंच, ज्यांनी भोगलं त्यांच्या घरी आजही त्या दिवसाला गोड करतात. पण त्या मधल्या काळात उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागात जी कत्तल झाली तिची चौकशी करून पंडित सुंदरलाल समितीनं किमान २७ ते ४० हजार माणसं गेली असा अंदाज दिला आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. खालच्या पातळीवर विचारणारं कोणी निवडून आलेलं नसलं की अहवाल दाबायला सोपं जातं, एवढंच म्हणतो. झेंडावंदनाच्या भाषणात हे येत नाही.

आता गणित करा. संस्थान खालसा करून, फौज आणून, मतदारयाद्या शून्यापासून तयार करून, साडेतीन वर्षांत निवडून आलेलं सरकार बसवलं त्या लोकांनी. आपल्या विभागाच्या राजधानीच्या शहराला पाच वर्षं उलटून गेली तरी महापौर नाही. कोणतीही फौज आलेली नसताना.

---

गल्ली_सातवी

मास्तर हे असं कधी डोक्यातच नव्हतं आलं. ग्रुपवर टाकतो, चालेल ना?

---

निवृत्त_मास्तर_परभणी

टाका. सुंदरलालचं वाक्य कापून टाकू नका फक्त, सगळं टाका नाहीतर काहीच नको. तुमच्या ग्रुपात भाईजान पण आहेत म्हणालात.

---

लातूरची_सून

मी कायद्यातली नाही, २०१६ बघितलेली आहे. तेव्हा लातूरला बॉडी होती बरं का, महापौर होते, नगरसेवक होते, तरी पाण्यापाशी १४४ कलम, म्हणजे जमावबंदी लावायची वेळ आली होती मार्चमध्ये. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ती जलदूत गाडी, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभर फोटो. पण रेल्वेचं पाणी स्टेशनपाशी येतं, तिथनं विहिरीत, तिथनं टँकरमध्ये, आणि टँकर गल्लीत आल्यावर कोणाची घागर आधी हे रेल्वे मंत्रालय सांगायला येत नाही. ते बायकांनी ठरवलं. आमच्या गल्लीत वहीत नावं, घरटी किती माणसं, कोणाकडं बाळंतीण आहे, कोण एकटं म्हातारं आहे. एका सासूबाईंकडं वही होती, त्यांच्यापुढं नगरसेवक पण बोलत नव्हता.

आणि लोकांनी वर्गणी काढून मांजरा नदीतला गाळ काढला त्याच वर्षी, जलयुक्त लातूर म्हणून. सरकारची वाट बघितली नाही. त्यात सगळ्या पक्षाचे होते, म्हणूनच झालं बहुतेक.

तर दादा, तुमचा तो फलकवाला आहे ना, त्याला ग्रुपमधून काढू नका, काढलं तर तो दुसरा ग्रुप काढील. त्याला वही देऊ नका फक्त.

---

नांदेडकर_परदेशी

लातूरच्या ताईंनी बरोबर पकडलं. इथं पण तेच, ज्यांच्याकडं यादी त्यांचा शब्द चालतो. आणि इथल्या कमिशनरांची एक सवय मला आवडते, मीटिंगचा अजेंडा आठवडाभर आधी जाहीर, ठराव मतदानानं, किती बाजूनं किती विरोधात हे लिहून ठेवतात, एक जण जरी विरोधात असला तरी. त्यामुळं पुढं कोणी 'हे अमुक पक्षाचे लोक आहेत' म्हणालं की कागद दाखवता येतो. तुमच्या ग्रुपला कायद्यानं वजन नसेल, पण तारीख, हजेरी, ठराव, मतं असा कागद झोन ऑफिसला गेला तर त्याला नुसत्या निवेदनापेक्षा वेगळं बघतात असा माझा अंदाज.

डीसीवर १९९५ ला पण असंच झालेलं बरं का, शहर कर्जबाजारी झालं म्हणून संसदेनं कंट्रोल बोर्ड बसवलं, २००१ पर्यंत पैशाच्या चाव्या त्यांच्याकडं. आपल्या प्रशासकासारखंच जवळजवळ. कमिशनर तेव्हाही मीटिंग घेत होते. जुने लोक म्हणतात चहा-बिस्किटाची मीटिंग, पण चालू होती.

मला एक मजेशीर गोष्ट सांगायची राहिली. इथं स्थानिक निवडणुकीत नागरिक नसलेल्या रहिवाशांना पण मत देता येतं, २०२४ पासून. मी नाही दिलं, व्हिसावर उगाच काही लफडं नको. नांदेडला माझं नाव यादीत आहे पण मी तिथं नाही आणि असतो तरी निवडणूक कुठं होती. म्हणजे दोन्हीकडून कोरडाच मी.

---

खडूस_जालनेकर

मत असून देत नाही आणि इथं आम्ही मतासाठी कोर्टाची तारीख मोजायलोय. वा रे नशीब.

बरं एक काम करा सातवीवाले, जिल्हा परिषद पंचायत समितीचं पण बघा जरा. शहराबाहेर माझं गाव आहे तिथं निदान ग्रामसभा तरी आहे, वर्षाला चार घ्याव्याच लागतात, सरपंचाला टाळता येत नाही. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात गावानं कर भरला की दळण फुकट, अशा गोष्टी ग्रामपंचायतीनं करून दाखवल्या, पेरे पाटलांचं गाव. पण वर झेडपीत प्रशासक, त्यामुळं वित्त आयोगाचा झेडपी आणि पंचायत समितीच्या वाट्याचा पैसा अडकला. वरनं पैसा देणारे म्हणतात निवडून आलेली बॉडी दाखवा, खालचे म्हणतात निवडणूक तुम्हीच घेत नाही. ह्याला केंद्राचा हस्तक्षेप म्हणायचं का काय म्हणायचं ते वकीलताईंनी सांगावं.

---

वकीलताई_खंडपीठ

हस्तक्षेप नाही, अट आहे, आणि अट योग्यच आहे. दंड मात्र भलत्याला बसतो.

संभाजीनगरच्या पाण्याचंच बघा. १,६८० कोटींची योजना २,७४० कोटींवर गेली, केंद्राच्या अमृत योजनेत घातली, काम जीवन प्राधिकरणाकडं, देखरेख खंडपीठाची, विभागीय आयुक्तांची समिती. ह्या सगळ्यात ज्याच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं त्याला बसायला खुर्ची कुठं आहे? कोर्टानं लक्ष घातलं म्हणून पाईप तरी हलला, पण कोर्ट हे महासभेला पर्याय नाही, माझं पोट त्याच्यावर असलं तरी सांगते.

---

गल्ली_सातवी

सगळ्यांचे आभार. आत्ता गुरुजींच्या ओट्यावर बसून लिहितोय. ठरलं असं, उद्या लोकशाही दिनाचे पाच अर्ज, पाच घरांचे, त्यातलं एक भाईजानच्या गॅरेजचं कारण पाणी त्यांच्याच दारात साचतं. माहिती अधिकाराचा अर्ज गुरुजी लिहायलेत, दीडशे शब्दांत बसंना म्हणून दोनदा फाडला. वही अंगणवाडीच्या ताईंकडं. फलकवाल्यांनी विचारलं माझ्याकडं काय, त्यांना म्हटलं झेरॉक्स.

वकीलताई एक शेवटचं, अर्ज उद्या द्यायला गेलो आणि आवक विभागात 'साहेब नाहीत, सोमवारी या' म्हणाले तर? सोमवारी गेलं तर पंधरा दिवस भरत नाहीत.

---

वकीलताई_खंडपीठ

आवक-जावकला साहेब लागत नाही, शिक्का लागतो. दोन प्रती त्यांच्याकडं, तिसरी स्वतःसाठी, तिच्यावर तारखेसकट पोच घ्या. देत नसतील तर तिथंच उभं राहून त्यांच्या अधिकृत ईमेलवर अर्जाचा फोटो पाठवा आणि पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी जा.